हात नेमका कुठे दुखतो? मनगट, अंगठा आणि बोटांच्या दुखण्याची कारणे व उपाय

सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना, "हात दुखतो" अशी तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीला मी सर्वप्रथम दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगतो. बहुतेक जण कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत तळहात फिरवतात आणि "इथून इथपर्यंत" म्हणतात. थोडा वेळ दिला, मूठ वळायला लावली, भरलेला तांब्या उचलायला सांगितला, की ते बोट हळूहळू एका जागेवर येऊन थांबते. दुसरा प्रश्न वेळेचा असतो: दुखणे काम करताना येते, रात्री झोपेतून उठवते, की सकाळी उठल्यावर सर्वाधिक असते? या दोन प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली, तर अनेकदा एक्स-रे काढण्यापूर्वीच कारणाचा अंदाज बांधता येतो. ती मिळाली नाहीत, तर तपासण्यांवर पैसे खर्च होऊनही उपचार भलत्याच जागी होत राहतात.

आपल्या बोलीची यात एक अडचण आहे. "नस" हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: रक्त वाहून नेणारी रक्तवाहिनी, संवेदना आणि हालचालीचे आदेश नेणारा मज्जातंतू, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरीसारखी कंडरा. त्यामुळे "नस दबली" असे कोणी सांगितले, तरी नेमके काय दबले हे कळत नाही. साधारण खूण अशी की मज्जातंतू दबला असेल तर मुंग्या, बधिरपणा आणि हातातून वस्तू निसटणे ही लक्षणे दिसतात. कंडरेला सूज आली असेल तर ठरावीक हालचालीलाच कळ येते आणि हात स्वस्थ ठेवला की ती ओसरते. रक्तपुरवठ्याची तक्रार असेल तर बोटे पांढरी किंवा निळसर आणि थंड पडतात. सांध्याचे दुखणे यांहून वेगळे असते, कारण त्यात सांधा सुजतो, ताठरतो आणि दाबल्यावर नेमका तोच दुखतो.

डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरून उजव्या हाताची बोटे हलवून पाहिल्यास हाताखाली स्नायू वळवळताना जाणवतील. बोटे वळवणारे मोठे स्नायू तळहातात नसून कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान आहेत आणि त्यांच्या कंडरा मनगटातून पुढे बोटांकडे जातात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडांची पन्हळ आणि तिच्यावर ताणलेला एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा तयार होतो, ज्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. मनगट सरळ असताना त्या बोगद्यात दाब सर्वांत कमी असतो, आणि ते आत किंवा बाहेर वाकवले की दाब वाढतो. पुढील बहुतेक उपायांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सोलापूरचे हात काय करतात

या शहरात हाताच्या दुखण्याचे रुग्ण भरपूर दिसतात, याचे नवल वाटू नये. पूर्व भागातील गल्ल्यांमध्ये, अशोक चौकाच्या आसपास, किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दुपारी फेरी मारली, तर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या महिला घरोघरी दिसतात. एका विडीसाठी पान कापणे, वळणे आणि दोरा बांधणे एवढ्या तीनच क्रिया धरल्या, तरी हजार विड्यांसाठी अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट किमान तीन हजार वेळा आवळली जाते, आणि त्यानंतर त्याच हातांनी भाकरी थापायची, धुणे पिळायचे, पाणी भरायचे असते. यंत्रमागावर तुटलेले धागे जोडणारे कामगार, गणवेश शिवणाऱ्या महिला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे घरगुती उद्योग चालवणाऱ्या बचतगटांतील सदस्या, या सर्वांच्या हातांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. पोट हातावर असलेल्या माणसाला "सहा आठवडे पूर्ण विश्रांती" हा सल्ला देणे सोपे असते आणि पाळणे अशक्य. म्हणून काम थांबवण्यापेक्षा कामाची पद्धत बदलण्यावर मी अधिक भर देतो.

जागेवरून कारण कसे ओळखावे

अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर कळ येत असेल, बाळाला काखेत धरून उचलताना किंवा ओला कपडा पिळताना ती एकदम वाढत असेल, तर अंगठा ताणणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज आलेली असण्याची शक्यता मोठी असते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी 1895 मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. घरी तपासण्यासाठी अंगठा मुठीत घेऊन मनगट अगदी हलकेच करंगळीकडे झुकवावे. निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतोच, म्हणून दोन्ही हातांची तुलना करावी. दुखऱ्या बाजूला तीव्र कळ आली तर संशय पक्का होतो. विडी वळणाऱ्या महिला आणि नुकत्याच बाळंत झालेल्या माता यांच्यात मला हे दुखणे वारंवार आढळते.

दुखणे याहून थोडे खाली, अंगठ्याच्या अगदी बुंध्याशी असलेल्या सांध्यात असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि बरणीचे झाकण फिरवताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना त्रास होत असेल, तर तो बहुधा त्या सांध्याच्या झिजेचा प्रकार असतो. बोटांच्या शेवटच्या पेरांवर येणाऱ्या टणक गाठीही झिजेच्याच खुणा आहेत. त्या दिसायला नकोशा वाटतात, पण त्यांचे स्वरूप सहसा घातक नसते.

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येणे, उठून हात झटकला की बरे वाटणे, आणि सकाळी पुन्हा बोटे जड असणे, हे वर्णन ऐकले की मनगटाच्या बोगद्यात मज्जातंतू दबल्याचा विचार करावा. वैद्यकीय भाषेत याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देतो. त्यामुळे अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची बाजू व्यवस्थित असेल, तर ती मोठी मोलाची खूण ठरते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली सोडून एक मिनिट थांबल्यास मुंग्या वाढतात का, हेही पाहता येते. कामाचा ताण हे यामागचे एकमेव कारण नसते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण आणि संधिवात यांमध्येही हा त्रास होतो. म्हणून दोन्ही हातांना मुंग्या येत असतील तर रक्तातील साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसू लागला असेल, तर मात्र घरगुती उपायांची वेळ टळून गेलेली असते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला मुंग्या येत असतील, तर दोष मनगटात शोधू नये. तो मज्जातंतू कोपराच्या आतल्या बाजूने जातो, जिथे आपटल्यावर झिणझिणी येते. कोपर टेकवून तासन्‌तास बसणे किंवा कोपर पूर्ण दुमडून मोबाइल कानाला लावणे त्याला पुरते. मान वळवल्यावर खांद्यातून हातात कळ उतरत असेल, तर मानेतील मणक्यांची तपासणी करावी लागते.

वळलेले बोट उघडताना अडकून "टक्‌" आवाजासह सरळ होत असेल, तर त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. तळहातात बोटाच्या मुळाशी कंडरा एका कडीसारख्या भागातून जाते. कंडरा जाड झाली की ती तिथे अडकते. मधुमेहींमध्ये हा त्रास अधिक आढळतो.

दोन्ही हातांची मनगटे आणि बोटांचे मुळाकडचे सांधे एकाच वेळी सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तो कामाचा शीण मानून तेल चोळत बसू नये. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असतो, आणि त्यावरील औषधे पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होणे बऱ्याच अंशी टळते. या आजारावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून ती घेण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर मनगटे आणि घोटे आठवडेच्या आठवडे दुखत राहिले, तर चिकुनगुन्याची आठवण ठेवावी. आपल्या जिल्ह्याला हा आजार नवा नाही: 1973 मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती, आणि त्यानंतर तीन दशके देशात जवळपास शांतता राहून 2005-06 मध्ये तो पुन्हा पसरला. हे दुखणे बहुतेकांचे हळूहळू ओसरते. तीन महिन्यांनंतरही सूज टिकली तर तज्ज्ञांना दाखवावे.

पडताना हात टेकवला आणि त्यानंतर अंगठ्यामागच्या खळगीत दाबल्यावर दुखते, ही तक्रार हलक्यात घेऊ नये. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसतच नाही. हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये, म्हणजे हात हलू न देणाऱ्या आधाराच्या पट्ट्यात, ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष केल्यास ते अनेकदा जुळतच नाही. अशा वेळी हाडवैद्याकडे जाऊन चोळून घेणे किंवा कामट्या घट्ट बांधून घेणे टाळावे, कारण आवळलेल्या बंधनामुळे रक्तपुरवठा तुटून बोटे कायमची वाकडी झाल्याची उदाहरणे आहेत.

पहिल्या सहा आठवड्यांत घरी काय करावे

सर्वांत स्वस्त आणि उपयोगी साधन म्हणजे स्प्लिंट, पण ते जागेनुसार निवडावे लागते. मुंग्यांसाठी मनगट सरळ ठेवणारे स्प्लिंट रात्री झोपताना सलग सहा आठवडे वापरावे. अंगठ्याच्या बाजूच्या कळीसाठी अंगठाही आत धरून ठेवणारे, थंब स्पायका नावाचे स्प्लिंट दिवसा कामाच्या वेळी तीन ते चार आठवडे वापरावे. दुकानात "हाताचा पट्टा" एवढेच मागितले तर बहुधा ताणणारा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, जो मनगटाला ऊब देतो पण सरळ ठेवत नाही, आणि घट्ट बसला तर दबलेल्या मज्जातंतूवर आणखी दाब आणतो. स्प्लिंटमधील धातूची पट्टी वाकडी असेल तर ती सरळ करून घ्यावी.

शेक गरम द्यावा की थंड, हा वाद घरोघरी होतो. ताजी सूज, लाली किंवा नुकती झालेली दुखापत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे ठेवावा. जुना ताठरपणा असेल तर कोमट पाण्यात हात बुडवून त्यातच बोटे हलवावीत. मधुमेहामुळे हात बधिर असलेल्यांनी पाण्याचा गरमपणा स्वतः न तपासता घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा, कारण भाजल्याचे त्यांना कळत नाही. हलक्या हाताने तेल लावण्यास माझा विरोध नाही. मात्र मनगटावर अंगठा रोवून "नस मोकळी करण्याचा" प्रकार थांबवावा.

औषधांच्या बाबतीत, वेदनाशामक जेल लावून पाहणे पोटातील गोळ्यांपेक्षा सुरक्षित असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. "नसेची गोळी" म्हणून सर्रास दिली जाणारी बी-12 ही शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच उपयोगी पडते. शाकाहारी व्यक्ती आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात ती कमतरता आढळते, पण मनगटाचा अरुंद बोगदा त्या गोळीने रुंद होत नाही. नाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल, तर तिच्यात स्टिरॉइड असल्याचा संशय धरावा. अशा पुड्या महिनोन्‌महिने घेतल्यावर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि त्या अचानक बंद करणेही धोक्याचे ठरते.

कामाची पद्धत बदलणे

विड्या वळणाऱ्या एका अक्कांना मी आठवडाभर केवळ कात्री बदलायला सांगितली होती, आणि त्यांच्या अंगठ्याची कळ निम्मी झाली. बोथट कात्रीला प्रत्येक पानामागे जास्त जोर लागतो. तिला धार लावून घ्यावी, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा आणि अंगठ्याच्या कडीला सुती चिंधी गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे दाब एका रेषेवर न येता पसरतो. पाने पुरेशी भिजलेली आणि मऊ असावीत. सर्व पाने एकदम कापून ठेवण्याऐवजी शंभर कापावीत, शंभर वळावीत आणि पुन्हा कापावीत, म्हणजे त्याच स्नायूंना सलग ताण पडत नाही. पाठ भिंतीला टेकवून, सुपाखाली उशी घेऊन ते थोडे उंच करावे. मान कमी झुकते आणि मनगटही सरळ राहते. अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात सोडून बसावे. मजुरी विड्यांच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे ही दोन मिनिटे तोट्याची वाटतात याची मला जाणीव आहे, पण थकलेल्या हाताने वळलेल्या विड्या छाटणीत बाद होतात, तोही तोटाच असतो.

ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने भिजवले की ते मळायला हलके जाते. मळताना तळहाताच्या टाचेने जोर देण्यासाठी मनगट मागे मोडावे लागते. त्याऐवजी परात खाली ठेवून, मनगट सरळ राखून शरीराचा भार वापरावा, आणि थापताना हालचाल मनगटातून न होता कोपरातून व्हावी. रोज शेकड्याने कडक भाकरी करणाऱ्यांनी मळणे, थापणे आणि शेकणे ही कामे आपसांत आलटूनपालटून घ्यावीत. चटणीसाठी कुटताना बारीक दांड्याच्या मुसळाला कापड गुंडाळून ते दोन्ही हातांनी धरावे.

धुण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: भिजलेली सोलापुरी चादर एकट्याने पिळण्याइतके मनगटाला घातक घरकाम दुसरे नसावे. ती पाणी धरून इतकी जड होते, की पिळताना अंगठ्याच्या कंडरा, मनगट आणि बुंध्याचा सांधा या तिन्हींवर एकाच वेळी पीळ पडतो. चादर न पिळता नळाच्या कठड्यावर किंवा दांडीवर टाकून अर्धा तास निथळू द्यावी; सोलापूरच्या उन्हात ती एरवीही लवकर वाळते. पिळायचीच असेल तर दोघांनी दोन टोके धरावीत. पाण्याची कळशी एका हाताने लटकवण्याऐवजी दोन्ही हातांनी अंगाजवळ धरावी, बाळाला उचलताना अंगठे पसरून काखेत रोवण्याऐवजी तळवे खालून द्यावेत, आणि मोबाइलवर एकाच अंगठ्याने लांबलचक मजकूर लिहिण्याऐवजी बोलून लिहिण्याची सोय वापरावी.

व्यायाम तीव्र कळ कमी झाल्यावर सुरू करावा. बोटे सरळ ठेवावीत. मग पेरे दुमडून आकड्यासारखी करावीत. मग पूर्ण मूठ वळावी. मग बोटे सरळ ठेवून केवळ मुळाशी काटकोनात वाकवावीत. आणि शेवटी बोटांची टोके तळहाताच्या टाचेला टेकवावीत. प्रत्येक स्थितीत तीन-चार सेकंद थांबून ही मालिका पाच ते दहा वेळा, दिवसातून तीनदा करावी. यामुळे कंडरा आवरणात मोकळ्या सरकतात. चेंडू दाबण्याचा व्यायाम लोकप्रिय आहे, पण सुजलेल्या कंडरेला किंवा दबलेल्या मज्जातंतूला तो सुरुवातीला अपायच करतो. व्यायामानंतर दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले, तर तो जास्त झाला असे समजून निम्म्यावर आणावा.

इंजेक्शन, शस्त्रक्रिया आणि रुग्णालय

सहा आठवड्यांत उतार नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुखऱ्या जागी दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन अंगठ्याच्या कंडरांच्या सुजेवर आणि अडकणाऱ्या बोटावर चांगले काम करते; गोळीतून रोज घेतलेल्या स्टिरॉइडशी त्याची गल्लत करू नये. मधुमेहींची साखर मात्र त्यानंतर काही दिवस वाढलेली राहते, म्हणून ती तपासत राहावी. मनगटाच्या बोगद्यातील दाब जुना असेल किंवा स्नायू सुकू लागला असेल, तर मज्जातंतूची वहनचाचणी, म्हणजे त्यातून संदेश नीट जातो का याची तपासणी, करून बोगद्यावरचा पट्टा कापून मोकळा करतात. ही शस्त्रक्रिया बहुधा तेवढाच भाग बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, पण पकडीची ताकद परतायला काही आठवडे ते महिने लागतात, हे कामाचे नियोजन करताना ध्यानात घ्यावे. खासगी खर्च झेपत नसल्यास डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील, म्हणजे आपल्या सिव्हिलमधील, अस्थिरोग विभागात जावे.

काही लक्षणांसाठी सहा तासही थांबू नये: जखमेनंतर किंवा काटा लागल्यावर बोट लालभडक, गरम आणि सुजलेले असून सरळ करता न येणे, ताप असताना एकच सांधा अचानक सुजणे, बोटे पांढरी, थंड किंवा निळी पडणे, पडल्यानंतर हात वाकडा दिसणे, एका बाजूचा हात एकाएकी लुळा पडून बोलणे अडखळणे, आणि छातीत दाब किंवा घाम यांसह डाव्या हातात कळ येणे.

तपासणीला येताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि शक्य असेल तर रोजच्या कामाचे हत्यार सोबत आणावे, मग ती विडीची कात्री असो, शिवणाची असो किंवा भाकरीचा उलथणा. ते हातात देऊन "रोज करता तसे करून दाखवा" असे सांगितले, की मनगट कुठे मोडते आणि अंगठा कुठे आवळतो ते समोरच दिसते, आणि पुष्कळदा रुग्णच मध्येच थांबून म्हणतो, "हां, इथेच दुखतंय बघा."